दहा माणसं झाली की सुटेल

परवाच्या रविवारी मी समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला बघितला. हर्णैच्या किनाऱ्यावरून बघितला, सलग अडीच तास, उन्हात, आणि आता डोळे मिटून त्याचे बुरुज काढून दाखवू शकतो. किल्ल्यावर पाय ठेवला का हे मात्र विचारू नका.

आमचं गाव लातूरकडचं. गावात सांगतात, पोरगा बाहेर शिकायला असतो. बाहेर म्हणजे दापोली, शेतकीचं तिसरं वर्ष. पण पुण्यात गाडी बदलून रात्रभर एसटीत हाडं मोडून घ्यायची, इथं उतरल्यावर भाकरी शोधत फिरायचं, त्यामुळं मला तरी ते फॉरेनच. तर या फॉरेनला घरचे आले. आई, अण्णा, आत्या, आजी. माणसं सुद्धा सवलत बघून निवडलेली होती, बायकांना 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट, आजी पंचाहत्तरीच्या पुढची म्हणून फुकट, काका यायचं म्हणत होता पण त्याला फुल तिकीट पडतं म्हणून तो राहिला. सोयाबीनच्या पैशातून अण्णांनी पाच हजार बाजूला काढलेले, ते बनियनच्या खिशात, आणि दर तासाला हात लावून बघायचे आहेत का.

हर्णैला उतरलो आणि माळकरी आजीला मासळीचा वास आला. तिनं नाकाला लावलेला पदर थेट परत दापोली स्टँडवर काढला. मधले सगळे संवाद तिनं पदरातूनच केले.

बोटवाला म्हणाला, माणशी 250, दहा माणसं झाली की सुटेल. घाई असेल तर अख्खी बोट 2500. आम्ही पाच. म्हटलं रविवार आहे, पाच माणसं काय आत्ता येतील.

तिथं एका उलट्या घातलेल्या होडीवर एक आजोबा बसलेले. हाफ पँट, डोक्याला टॉवेल, शेजारी छत्री, काम काहीच नाही.

"कुठचे?"

"दापोलीचे," मी म्हणालो. तीन वर्षं मेसचं बिल भरतोय, तेवढा हक्क आहे.

"ते बोलण्यावरूनच कळलं. मूळचे कुठचे?"

"लातूर."

"म्हणजे घाटावरचे." मग बोटीकडं बघून, "आत काय बघणार?"

मी अभ्यास करून आलेलो. सांगितलं, दरवाजाच्या पायरीवर दगडात कासव कोरलंय, भिंतीवर मारुती आहे, आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत 12 किल्ले गेले त्यात हा आहे.

"यादीत गेला, होय. रान कुठं गेलं? रान आतच आहे."

इथपर्यंत ठीक होतं. पण मग पुण्याचे चौघं आले. पाच आणि चार नऊ! मी त्यांच्याकडं असा बघत होतो जसं मुलीचा बाप स्थळाकडं बघतो. तेवढ्यात होडीवरून आवाज आला, "आत काही नाही हो. झाडं नि दगड. उतरताना गुडघाभर पाणी." चौघं एकमेकांकडं बघून शेजारच्या मुरूडला डॉल्फिन बघायला गेले. मग कोल्हापूरचं एक जोडपं, मग पनवेलची तीन मुलं. सगळ्यांना तेच, झाडं नि दगड. शेवटी मी म्हणालो, आजोबा, जरा गप्प बसता का, आमची बोट भरत नाहीये.

"मग काय खोटं बोलू?"

यावर काय बोलणार. 1755 साली इंग्रजांच्या आरमाराच्या कमोडोर जेम्सनं पेशव्यांच्या मदतीनं हा किल्ला घेतला. त्याच्या वेळी किनाऱ्यावर हे आजोबा नव्हते म्हणून जमलं, नाहीतर तो पण मुरूडला गेला असता.

मग एक पांढरी गाडी आली, चार माणसं उतरली, 2500 मोजले आणि पाच मिनिटांत बोट सुटली. सहा जागा मोकळ्या. बोटवाल्यानं आमच्यासाठी विचारलंसुद्धा, पण त्यांना प्रायव्हेट हवी होती. आई म्हणाली, "जाऊ दे, इथनंच छान दिसतोय की." हा आवाज मी ओळखतो, साडीच्या दुकानात किमतीची चिठ्ठी उलटून बघितली की हाच निघतो.

आणि अण्णा? अण्णा होडीवर. आजोबांच्या शेजारी. आंब्याचा मोहोर, फुलकिडे, सोयाबीनचा भाव, फवारणी, सगळं माझ्याच विषयातलं आणि मला एकदा विचारलं नाही. बोट परत आली तर पाणी मागं सरकलेलं. बोटवाला म्हणाला, आता ओहोटी, संध्याकाळी या. संध्याकाळी आमची परतीची एसटी.

आजोबा म्हणाले, "तीन वर्षं इथं शिकतोस ना रे? येताना ओहोटीची वेळ बघायची असते एवढं नाही शिकवलं?"

आणि अण्णा हसले. मोठ्यानं. ते हसणं अजून कानात आहे. बरं, वेळ माहीत होती तर अडीच तास आधी सांगायला काय झालं होतं? पण नाही, "तू विचारलं नाहीस."

पाच हजारातले बरेचसे वाचले, ते अण्णांनी जाताना माझ्या हातात कोंबले, मेसला दे म्हणून. त्यावर मी काही लिहीत नाही.

आता आजोबांकडं अण्णांचा नंबर आहे, रोज सकाळी सहाला शुभ सकाळ. काल त्यांनी किल्ल्याच्या आतला फोटो पाठवला. अण्णांनी तो मला फॉरवर्ड केला आणि खाली लिहिलं, "खरंच रे, झाडं नि दगडच हायेत."