कंडिशनर लावला की ॲम्प सेफ? हा मेसेज पुढे पाठवू नका

"ॲम्पला एक चांगला पॉवर कंडिशनर लावा, मग व्होल्टेज वाढू दे, वीज पडू दे, अर्थिंग नसलं तरी चालतं, वर आवाज खुलतो आणि हमही जातो." (पॉवर कंडिशनर म्हणजे भिंतीतला सॉकेट आणि ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, यांच्यामध्ये लावायचा वीज गाळणारा डबा, आणि हम म्हणजे स्पीकरमधली सततची घुमघुम.) होम थिएटरवाल्यांमध्ये हा मेसेज जोरात फिरतोय आणि तो वाचून लोक हजारो रुपये घालतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

व्होल्टेज वाढू दे म्हणे. बहुतेक कंडिशनर आणि स्पाइक गार्डमध्ये सर्जसाठी, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक झटक्यासाठी, असते ती एमओव्ही नावाची छोटी चकती, बहुतेक वेळा निळी. तिचं काम मायक्रोसेकंदांचा झटका गिळणं, बस. तिच्यावर १४डी४७१के असा नंबर असेल तर ती सतत ३०० व्होल्टपर्यंतच तग धरते. आता आपल्याकडे घरोघरी टीव्ही-फ्रिज जळतात ते बऱ्याचदा न्यूट्रल तुटल्यामुळे, मग २३० च्या जागी साडेतीनशेच्या वर, कधी ४०० च्या जवळपास व्होल्टेज येतं आणि लाइनमन येईपर्यंत तसंच राहतं. त्यात ती चकती तापते, फुटते, थर्मल फ्यूज नसेल तर पेटूही शकते. यावर उपाय म्हणजे व्होल्टेज जास्त झालं की लाइनच तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, जो डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या पेटीत, बसतो आणि महागड्या कंडिशनरच्या मानाने स्वस्त पडतो. जास्त करंट गेला की पडणारा एमसीबी आहे ना, असं काहीजण म्हणतात, पण एमसीबी वायरिंग वाचवायला असतो, त्याला व्होल्टेज कळतच नाही.

अर्थिंग नसलं तरी चालतं, हे तर धोकादायक आहे. स्वस्तातला एखादा स्पाइक गार्ड उघडून बघा, फेज आणि न्यूट्रलमध्ये एकच चकती आणि अर्थच्या पिनला काहीच जोडलेलं नाही. चांगल्या डब्यात फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशाही चकत्या असतात, पण भिंतीतल्या सॉकेटलाच अर्थ नसेल तर त्या सर्ज ढकलणार कुठे? आधी वायरमनला बोलावून मीटर लावून घ्या, फेज-अर्थ जवळपास फेज-न्यूट्रलइतकं दिसलं पाहिजे आणि घरातला लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आसपास. मग डीबीत टाइप २ एसपीडी, म्हणजे सर्ज अर्थकडे वळवणारं उपकरण, आणि ॲम्पजवळचा डबा त्याच्यानंतर.

वीज पडू दे? वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा, एवढाच भरवशाचा उपाय. आणि नुसता प्लग नाही, टीव्हीच्या डिश-छत्रीची कोॲक्स (सिग्नलची गोल केबल) आणि इंटरनेटच्या लॅनची तांब्याची वायर पण काढा, कारण सर्ज तिथून सेट टॉप बॉक्समध्ये आणि एचडीएमआयमधून सरळ ॲम्पमध्ये जातो, कंडिशनरला पत्ताही लागत नाही.

आवाज खुलतो या दाव्यात धड चालणाऱ्या ॲम्पसाठी दम नाही. ॲम्प आतमध्ये एसीचं डीसी करतो, मोठे कपॅसिटर ते गाळतात, स्पीकरपर्यंत जातं ते तिथून पुढे. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो हे खरं, पण त्याला प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो.

राहिला हम. ॲम्प चालू ठेवून बॉक्सची कोॲक्स काढून बघा. हम त्याच क्षणी थांबला तर तो ग्राउंड लूप आहे, वायर दोन ठिकाणी अर्थला टेकलीये, आणि पॉवरच्या बाजूला साधा फिल्टर लावून तो जात नाही. केबल टीव्ही असेल तर कोॲक्सवर हा लूप तोडणारा आयसोलेटर लावा. छत्री असेल तर तो सहसा चालत नाही, कारण छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) त्याच वायरमधून पॉवर जाते, तिथे बॉक्सचा एचडीएमआय थेट टीव्हीला द्या आणि ॲम्पला फक्त ऑप्टिकल केबल, तिच्यात धातू नसतो त्यामुळे त्या वाटेने लूप होत नाही. पण हम घालवायला प्लगची अर्थ पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, आत फेज बॉडीला लागला तर एमसीबी पडणार नाही आणि व्हॉल्यूमच्या नॉबला हात लावणाऱ्याला तो शॉक बसेल.