तेराव्यानंतर दुःख आवरतं घ्यायचं?

घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरत असतो: दुःखाचे पाच टप्पे असतात आणि ते क्रमाने पार पडतात, तेराव्यापर्यंत रडून घ्यावं, मग गेलेल्याच्या वस्तू घराबाहेर काढून कामाला लागावं, लहान मुलांना ‘बाबा देवाघरी झोपलेत’ एवढंच सांगावं. पाठवणाऱ्यांना काळजी असते, हे खरं. पण असल्या सल्ल्याने दुःखातलं माणूस अजून एकटं पडतं.

पाच टप्पे मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ साली मांडले, तेही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हतं. सकाळी हसून चहा घेणारी बाई दुपारी कपाटातला शर्ट हाताला लागताच कोसळते. यात बिघडलेलं काहीच नाही.

तेराव्याचं गणित तर उलटंच आहे. तेरा दिवस घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी दारातला चपलांचा ढीग दिसेनासा होतो आणि घर खायला उठतं. मदत खरी तिथून पुढे लागते. ‘काही लागलं तर सांग’ म्हणून भागत नाही, कारण सांगायचंसुद्धा त्राण नसतं. त्यापेक्षा ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीचा डबा मी आणते’, ‘दाखल्यासाठी पालिकेत मी बरोबर येतो’ असं बोला. मृत्यूदाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढा. गेलेल्याचं सिमकार्ड लगेच बंद करू नका. विम्याचे हप्ते, कर्ज, ठेवी यांचे मेसेज त्यावरच येतात आणि कुठे काय आहे ते त्यातून कळतं. मात्र त्यावरच्या ओटीपीने पैसे काढू नका, बँकेत नॉमिनी किंवा वारस म्हणून रीतसर अर्ज करा. कपडे घाईने वाटून टाकू नका. एकदा गेलेली साडी परत मागता येत नाही. खोक्यात भरून माळ्यावर ठेवा. काय ठेवायचं, काय द्यायचं हे ज्याचं माणूस गेलं त्यालाच सवडीने ठरवू द्या.

मुलांना ‘झोपलेत’ सांगितलं की ती रात्री झोपायला घाबरतात, नाहीतर बाबा उठायची वाट बघतात. सरळ सांगावं: ‘बाबा वारले. त्यांचा श्वास थांबला, आता त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही, ते परत येणार नाहीत. तुझ्यामुळे हे झालेलं नाही.’ मूल तोच प्रश्न वीस वेळा विचारेल, मधेच खेळायला पळेल. दर वेळी तेच उत्तर द्या.

सहा महिन्यांहून जास्त काळ रोज तीच जीवघेणी ओढ असेल, कामधंदा सुटला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. ‘मलाही जायचंय’ असं कुणी म्हणालं, तर मात्र दिवस मोजत बसू नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं थेट विचारा; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. माणसाला एकटं सोडू नका, गोळ्या आणि फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन लावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.