इलॅस्टिन पावडरीच्या संदेशाबाबत खुलासा

जळगाव-धुळ्याच्या अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर असा संदेश फिरत आहे की, इलॅस्टिन या रक्तवाहिन्यांना लवचीकपणा देणाऱ्या प्रथिनाच्या पेप्टाइडची, म्हणजे लहान तुकड्यांची, पावडर कोमट पाण्यातून घेतल्यास ते तुकडे शरीरात आपोआप जुळून रक्तवाहिन्यांचे नवे लवचीक तंतू बनवतात, म्हणून रक्तदाबाची गोळी सोडावी.

आपोआप जुळण्याचा भाग खरा आहे, पण तो परीक्षानळीतला. व्हॅलिन, प्रोलिन आणि ग्लायसिन या अमिनो आम्लांचा (प्रथिनांच्या घटकांचा) क्रम पुन्हा पुन्हा येणाऱ्या पेप्टाइडचे थंड, नितळ द्रावण ठरावीक तापमानापलीकडे गढूळ होते, कारण जलविरोधी भागांभोवतीचे पाणी सुटून साखळ्या एकत्र येतात. थंड केल्यावर ते पुन्हा निवळते, आणि हे प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येते. जे असे सुटते, तो टिकाऊ तंतू नव्हे. शरीरात पेशींनी स्रवलेले ट्रोपोइलॅस्टिन (इलॅस्टिनचे सुटे, अजून न जोडलेले रूप) फायब्रिलिन या दुसऱ्या प्रथिनाच्या सूक्ष्मतंतूंवर जमते आणि लायसिल ऑक्सिडेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) त्यातील लायसिन या अमिनो आम्लाचे पक्के आडबंध, म्हणजे साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे जोड, तयार होतात. खाल्लेले प्रथिन मात्र पचनात अमिनो आम्ले व लहान तुकड्यांत मोडते. ते थेट तंतूत जाऊन बसत नाही.

गोळी सोडण्याचा सल्ला मला सर्वाधिक घातक वाटतो. कृपया डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नये, हा संदेश पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.