दाढेतला ठणका आणि ‘बाहेर पडणारा पारा’

माझ्या कराडच्या आत्याने गेल्या महिन्यात खालच्या डाव्या दाढेत भरलेली जुनी चांदी, तिची कड तुटल्यामुळे, काढून घेतली आणि तिथे दाताच्या रंगाचे सिमेंट भरून घेतले. तिसऱ्या दिवसापासून घास चावताना कळ येऊ लागली. चौथ्या दिवशी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी तिच्या काळजीपोटी एक लांबलचक संदेश टाकला, आणि आत्याने तो पोथी वाचावी तशा श्रद्धेने वाचून पुढचे अकरा दिवस अक्षरशः पाळला. मी भेटायला गेलो तेव्हा तिच्या हिरडीवर नखाएवढा पांढरा चट्टा पडला होता, भात गिळतानाही ती डोळे मिटून घेत होती, आणि मूळ दुखणे होते तिथेच होते.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. चांदी बदलल्यावर दाढ दुखते, कारण शरीरात साठलेला पारा त्या वाटेने बाहेर पडत असतो. हे शुभलक्षण आहे, म्हणून एकवीस दिवस सोसावे, उरलेली चांदीही तातडीने काढून टाकावी आणि भरणाऱ्या डॉक्टरकडे परत जाऊ नये, कारण तो पुन्हा पैसे उकळेल. दुखणे फार झाल्यास ॲस्पिरिनची गोळी लसणाच्या पाकळीबरोबर ठेचून हिरडीवर दाबून ठेवावी, लवंगेचे तेल लावावे आणि औषधाच्या दुकानातून ॲमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक आणून पाच दिवस घ्यावे. तरीही दुखले तर आत कीड जिवंत राहिली आहे असे समजून अठ्ठेचाळीस तासांत दाढ उपटून घ्यावी. मात्र दाढ वरची असेल तर उपटू नये, नजर जाते. एकाच मजकुरात एकवीस दिवस सोसण्याचा आणि अठ्ठेचाळीस तासांत उपटण्याचा सल्ला शेजारी शेजारी नांदतो, आणि शेकडो माणसे तो पुढे पाठवतात, याचे मला अजूनही नवल वाटते.

सर्वांत घातक गोष्ट आधी घेतो, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली. मी दंतवैद्य नाही. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, आणि ॲस्पिरिन म्हणजे ॲसिटिल सॅलिसिलिक आम्ल हे आमच्याकडे बारावीच्या मुलालाही ठाऊक असते. गोळी पोटात गेल्यावर रक्तात शोषली जाते आणि वेदना व सूज निर्माण करणाऱ्या रसायनांची निर्मिती रोखते. तिचा वेदनाशामक गुण या मार्गाने येतो, दुखऱ्या जागेला चिकटून बसण्याने येत नाही. हिरडीवर किंवा गालाच्या आतल्या ओल्या त्वचेवर ती धरून ठेवली की तिच्यातले आम्ल तिथली प्रथिने गोठवते. उकळत्या पाण्यात अंड्याचा पारदर्शक भाग जसा पांढरा आणि घट्ट होतो, तसाच तो थर मरून पांढरा पडतो, काही दिवसांत सालपटासारखा निघतो आणि खाली लाल, कच्ची जखम उघडी पडते. दंतवैद्यांना हा प्रकार इतका परिचित आहे की त्यांच्या पुस्तकांत ‘ॲस्पिरिनचा भाजका’ या अर्थाचे त्याला स्वतंत्र नावच आहे. त्यात ठेचलेला लसूण घातला की दुधात साखर म्हणावी की आगीत तेल, ते वाचणाऱ्याने ठरवावे. ठेचल्यावर लसणात तयार होणारे ॲलिसिन नाजूक त्वचेवर फार वेळ राहिले तर तेही भाजते.

शिवाय संदेश लिहिणाऱ्याला समोरचा माणूस कोण आहे याच्याशी काही देणेघेणे नाही. अँजिओप्लास्टी झाल्यापासून आत्या रोज ॲस्पिरिनची लहान गोळी घेते. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर असलेल्या बाईला आणखी ॲस्पिरिन सुचवणे हा घरगुती उपाय नव्हे, जीवघेणा अजाणतेपणा आहे. पोटात अल्सर असलेल्यांना, डेंग्यूची शंका असलेल्या तापात आणि सोळा वर्षांखालील मुलांना तर ही गोळी मनाने द्यायचीच नसते. आणि पावसाळ्यात आपल्याकडे ताप आणि दातदुखी एकाच घरात एकाच वेळी असणे काही दुर्मीळ नाही.

आता पाऱ्याकडे वळतो. येथे मला एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते: ज्याला आपण चांदी म्हणतो त्या मिश्रधातूत साधारण निम्मा भाग पारा असतो, उरलेल्यात चांदी, कथील आणि तांबे असते, आणि चावताना त्यातून पाऱ्याची अत्यल्प वाफ निघते, हे खरे आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून वैद्यकीय गरजेचे मोजके अपवाद सोडून हे भरण वापरणे बंद केले, हेही खरे; त्यामागे पाऱ्याचे पर्यावरणातले प्रदूषण हे मोठे कारण आहे. परंतु या अर्धसत्यावर जो इमला उभा केला आहे, तो अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये दिलेल्या सूचनांपुढे टिकत नाही. गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, सहा वर्षांखालील मुले, मज्जासंस्थेचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले लोक यांच्या दातांत शक्यतो नव्याने चांदी भरू नये, असे त्यांनी सांगितले. त्याच सूचनेत त्यांनी हेही सांगितले की सुस्थितीत असलेली जुनी चांदी, वैद्यकीय गरज नसताना, काढू नये; कारण काढताना पाऱ्याची वाफ तात्पुरती वाढते आणि दाताचा निरोगी भागही कोरला जातो. म्हणजे ‘उरलेली चांदी तातडीने काढा’ हा सल्ला पाळणारा माणूस ज्या वाफेला भितो, तीच ओढवून घेतो.

आणि पारा दाढेच्या ठणक्यातून बाहेर पडतो ही कल्पना तर कोठल्याही शरीरशास्त्रात बसत नाही. पाऱ्याची वाफ श्वासावाटे फुप्फुसांतून रक्तात जाते आणि शरीर तो मुख्यतः लघवी व शौचावाटे बाहेर टाकते. ठणका हा त्याच्या जाण्याचा रस्ताही नाही आणि पावतीही नाही.

मग भरण बदलल्यावर दाढ का दुखते? जुने भरण काढताना दर वेळी खड्डा थोडा मोठा आणि खोल होतो, म्हणजे नवे भरण दाताच्या नसेच्या अधिक जवळ जाऊन बसते. वरच्या कठीण कवचाखालच्या थरात अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. थंड पाण्याने तो द्रव हलला की नसेला कळते आणि दात शिवशिवतो. पांढरे सिमेंट निळ्या प्रकाशाखाली घट्ट होताना किंचित आकसते, त्यानेही कडेला ताण येतो. ही शिवशिव थंड घोट गेल्यावर काही सेकंदांत थांबत असेल आणि दिवसागणिक कमी होत असेल, तर दोन-चार आठवडे वाट पाहण्यास हरकत नाही. त्या काळात बर्फाचे पाणी टाळावे, दुसऱ्या बाजूने चावावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारून साधे पॅरासिटामॉल घ्यावे.

घास चावतानाच कळ येत असेल तर बहुधा भरण उंच राहिलेले असते. भूल दिलेल्या जबड्याने, खुर्चीत आडवे पडून ‘चावून बघा’ म्हटल्यावर आपण जे चावतो ते आपले रोजचे चावणे नसते, त्यामुळे केसाएवढा उंचवटा तेव्हा सुटतो आणि घरी भाकरी खाताना सापडतो. आत्याचे नेमके हेच होते. संदेशाने जिथे जाऊ नका म्हणून बजावले होते, त्याच डॉक्टरांकडे मी तिला बाराव्या दिवशी नेले. त्यांनी दातांत निळा कागद धरून चावायला सांगितले, सिमेंटवर जिथे गडद ठिपका उमटला तिथे पाच मिनिटे घासले, आणि पैसे घेतले नाहीत. दाढेच्या मुळाभोवतीचे तंतू रोजच्या दाबाने दुखावलेले होते, म्हणून कळ पूर्ण जायला आणखी चार दिवस लागले. हिरडीवरचा भाजका भरायला त्याहून जास्त लागले.

प्रत्येक वेळी इतक्या स्वस्तात सुटका होत नाही, हेही सांगितले पाहिजे. दाबताना नव्हे तर चावा सोडताना तीक्ष्ण कळ आली तर दाताला तडा असू शकतो. मोठी जुनी चांदी असलेल्या दाढांत असे आढळते. थंड किंवा गरम लागल्यावर ठणका कित्येक मिनिटे टिकत असेल, काही न खाता आपोआप सुरू होत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर नस बरी न होण्याइतकी सुजली असण्याचा संभव असतो आणि तिथे बहुधा रूट कॅनाल करावे लागते. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

राहिलेले मुद्दे फार वेळ खाण्याच्या लायकीचे नाहीत. लवंगेच्या तेलातले युजेनॉल खरोखर बधिरपणा आणते आणि दंतवैद्यही ते तात्पुरत्या सिमेंटमध्ये वापरतात, एवढे श्रेय देतो. पण पक्के बसलेले भरण ओलांडून ते नसेपर्यंत पोहोचत नाही, आणि शुद्ध तेल हिरडीवर चोळले तर तीही भाजते. ॲमॉक्सिसिलिन सुजलेल्या नसेच्या वेदनेवर चालत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना अन्यथा निरोगी प्रौढांना, दातावर उपचार होण्यासारखे असतील तर, अशा दुखण्यासाठी ते देऊ नये असेच सांगतात. उंच राहिलेले सिमेंट तर प्रतिजैविकाने घासले जाणार नाही. कीड म्हणजे अळी नव्हे, जिवाणूंच्या आम्लाने झालेली झीज आहे. नसेजवळचा किडलेला, किंचित मऊ थर आजचे दंतवैद्य अनेकदा मुद्दाम ठेवतात, कारण वरून भरण घट्ट बसले की आतल्या जिवाणूंची उपासमार होते. नजरेचा मुद्दा तर आमच्या आजीच्या काळापासून चालत आला आहे. डोळ्याने पाहण्याची नस ही मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी दुसरी, दातांची संवेदना नेणारी पाचवी. दाढ काढल्याने डोळ्याच्या नसेला धक्का लागत नाही.

आत्याच्या उजव्या बाजूला चांदीच्या आणखी दोन दाढा आहेत. डॉक्टरांनी त्या तपासल्या, कडा शाबूत आहेत म्हणाले, आणि तशाच ठेवल्या. संदेश पाठवणाऱ्या आमच्या काकांना मी हे सर्व कळवले आहे. त्यांनी अंगठा दाखवला आणि अर्ध्या तासात मधुमेहावर भेंडीच्या पाण्याचा उपाय पाठवला.