अनुदान यंत्राला मिळतं, मिरचीला नाही

सकाळी घरच्या ग्रुपवर कुणीतरी अन्नप्रक्रिया अनुदानाची बातमी टाकली. त्याखाली माझ्या चुलतभावाने लिहिलं, "सरकार वाटतंय आणि लोक फुकटचं खातायत. धंदा करायची धमक कुणात नाही." त्या ग्रुपमध्ये आमची आत्या आहे. तिने ते वाचलं. काही बोलली नाही, जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि गप्प झाली. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. पडवीत तिचं नवं कांडप यंत्र उभं आहे, त्यावर जुनं लुगडं पांघरलेलं. मार्च महिना आहे. या दिवसांत तिच्या गल्लीत शिरलं की ठसका लागायचा. अंगणभर मिरच्या वाळत पडलेल्या, शेजारच्या दोघी-तिघी देठ खुडत बसलेल्या. यंदा अंगणात एकच पोतं होतं. मी विचारलं, "आत्या, यंत्र झाकून का ठेवलंयस?" ती म्हणाली, "मशीन हाय गं बाई, पर मिरची कशानं घिऊ?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आत्या वीस वर्षं कांदा-लसूण मसाला करून विकते. डंखावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवर, रांगेत बसून कुटून आणायची, एसटीने पुण्या-मुंबईला डबे पाठवायची. तिच्या मसाल्यावर तिने दोन मुलं शिकवली. कुणाकडे एक रुपया मागितला नाही. फुकटचं खाणारी बाई ही!

तीन वर्षांपूर्वी कुणीतरी तिला प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचं सांगितलं. २०२० साली सुरू झालेली ही केंद्राची योजना, आपल्याकडे कृषी खात्यामार्फत चालते. प्रकल्पाच्या पात्र खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. कमीत कमी १० टक्के आपले, बाकी बँकेचं कर्ज. ऐकायला छान वाटतं. आत्याचा प्रकल्प ६ लाखांचा. म्हणजे अनुदान २ लाख १० हजार. स्वतःचे ६० हजार भरायला तिने पाटल्या मोडल्या. आईने दिलेल्या.

मग बँक. अकरा खेपा. कधी कोटेशनवर शिक्का नाही, कधी लाईटबिल काकांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, नावावर आणि काका जाऊन नऊ वर्षं झालेली, कधी साहेबच रजेवर. एकदा तर तिला काउंटरवर विचारलं, "तुमच्याबरोबर कुणी पुरुषमाणूस नाही का?" हे सांगताना ती हसत होती. मला आता लिहितानाही राग आवरत नाही. वीस वर्षं धंदा केलेल्या बाईला!

बरं, सगळेच वाईट नव्हते, हेही लिहिते. या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते, अर्ज आणि प्रकल्प अहवाल करून द्यायला. आत्याकडे जो मुलगा यायचा तो तिच्या नातवाच्या वयाचा. स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून सहा वेळा आला. त्याने तिचं उद्यम नोंदणीचं केलं, अन्न परवान्याचं केलं, पाकिटावर काय काय छापायचं ते वहीत लिहून दिलं. कर्ज मंजूर झाल्याशिवाय या मुलांना मेहनताना मिळत नाही, म्हणजे बँकेने फाइल अडवली की त्याचीही मेहनत पाण्यात. आत्या त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही.

कर्ज मंजूर झालं. यंत्र आलं कधी? जूनमध्ये. थ्री फेजचं कनेक्शन त्याच्याही पुढे, दिवाळीच्या तोंडावर. ज्याने घरी कधी चटणी केली आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. मिरची फेब्रुवारी ते एप्रिल घ्यायची असते. तेव्हा माल चांगला येतो, ऊन कडक असतं, मृग निघायच्या आत वाळवून, भाजून, कुटून बरण्यांत भरलं की वर्षभर बघायला लागत नाही. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, वर खोबरं, धणे, तीळ, खसखस. हे सगळं दोन महिन्यांत रोखीने घ्यायचं आणि वर्षभर थोडं थोडं विकायचं. आत्याला या यंत्राच्या जोगा धंदा करायचा तर बारा क्विंटल मिरची लागते. मिरचीचेच तीन लाखांच्या घरात जातात. ते पैसे कुणी द्यायचे?

माझं म्हणणं एवढंच आहे. अनुदान यंत्राला आहे, शेडच्या बांधकामाला आहे. खेळत्या भांडवलाला, म्हणजे माल घ्यायच्या पैशांना, नाही. बचत गटात असेल तर बाईमागे ४० हजार बीज भांडवल मिळतं, तेही गटामार्फत कर्ज म्हणून, परत फेडायचं. चाळीस हजारांत बारा क्विंटल येत नाही. आत्या तर एकटी, गटात नाही, म्हणजे तेही नाही.

आणि अनुदान हातात येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी नीट ऐका. ते कर्जाशी जोडलेलं असतं. बँकेतच वेगळ्या खात्यात पडून राहतं, बँकेने कर्जाची शेवटची रक्कम दिल्यापासून तीन वर्षं. तीन वर्षांनी खातं नियमित असेल आणि उद्योग चालू असेल तरच ते कर्जात वळतं होतं. तोवर त्याला हात लावता येत नाही. एवढं आहे की ते जमा झाल्यावर तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. पण आत्याचं जमा व्हायलाच सात महिने गेले. ते सात महिने तिने पूर्ण ५ लाख ४० हजारांवर व्याज भरलं, यंत्र लुगड्याखाली असताना.

मान्य आहे, काही लोक यंत्र घेऊन अनुदान लाटतात आणि यंत्र विकून मोकळे होतात. त्यांच्यासाठी तीन वर्षांची अट हवी. पण त्यांच्या पापाची शिक्षा आत्याने का भोगायची?

दुपारी भावाने पुन्हा लिहिलं, "लिज्जतच्या बायकांनी कुठलं अनुदान घेतलं होतं?" दादा, बरं झालं काढलंस. १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, आणि उसने घेतलेले ८० रुपये. छगनलाल पारेखांनी दिलेले. त्या पैशांतून कच्चा माल आणला आणि पापड लाटायला बसल्या. पैसे आधी हातात आले, विश्वासावर आले. त्यांनी देणग्या घेतल्या नाहीत, हे खरं. पण १९६६ मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने त्यांना मान्यता दिली आणि ८ लाख रुपये दिले, ते कशासाठी? खेळतं भांडवल म्हणून. त्या काळचे आठ लाख! माल घ्यायला पैसे मिळाले म्हणून हजारो बायकांना काम मिळालं. आत्याला हेच हवंय.

हे काही फक्त मसाल्याचं नाही. याच योजनेत 'एक जिल्हा एक उत्पादन' म्हणून प्रत्येक जिल्ह्याला एक माल ठरवून दिलाय, जळगावला केळी, नागपूरला संत्री. फळ, मिरची, हळद, गूळ, जे घ्याल ते हंगामात येतं. शेतीमालावरचा प्रत्येक छोटा धंदा दोन-तीन महिन्यांच्या खरेदीवर उभा असतो. हे ज्याला कळतं तो कर्जमंजुरीचं वेळापत्रक हंगाम बघून ठरवेल. जानेवारीत फाइल हातावेगळी करा, यंत्राबरोबर एका हंगामाच्या मालाचे पैसे द्या, आणि मग पाहिजे तेवढ्या अटी घाला.

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. योजना नसती तर तारणाशिवाय आत्याला कुणी पाच लाख दिले नसते, हे मला कळतं. तिलाही कळतं, ती तर सरकारला दुवाच देते. रविवारी निघताना तिने त्या एका पोत्यातल्या मिरचीचा मसाला मला बांधून दिला, नेहमीसारखा, पैसे न घेता. मी नको म्हटलं तर रागावली.

आत्ताच तिला फोन करून सांगितलं की मी हे लिहिलंय. म्हणाली, "काढून टाक बाई, बँकेतलं साहेब वाचत्याल." मी काढणार नाहीये. नाव कुणाचंच घेतलेलं नाही.

एक करा. ज्यांच्याकडे दरवर्षी आत्याचा मसाला जातो, त्यांनी यंदा पैसे मे महिन्याऐवजी आत्ताच पाठवा. नवीन कुणाला हवा असेल तर मला मेसेज करा. तीस जणांनी वर्षभराचे आगाऊ दिले तर तिची निम्मी मिरची येते. बाजारात आवक आहे तोवर, म्हणजे फार तर पंधरा एप्रिलपर्यंत.