संपली बाई, चार ओळींत

आज भाचीच्या क्लासच्या नोट्स पाहिल्या आणि डोकंच फिरलं. इंग्रज कवी टेनिसनची कविता, 'द लेडी ऑफ शॅलॉट'. मनोऱ्यात राहणारी एक बाई आरशात दिसणाऱ्या जगाची चित्रं मागावर विणते; खिडकीतून थेट बाहेर पाहिलं तर शाप लागणार. एक दिवस आरशात लान्सलॉट नावाचा सरदार दिसतो, ती खिडकीशी धावते, मग खाली उतरून होडीत बसते आणि वाटेतच मरते. खाली लिहिलंय: आरसा म्हणजे कला, माग म्हणजे कल्पना, होडी म्हणजे मृत्यू. पाठ करा. संपली बाई!

पाय मोडून मी चार महिने पलंगावर होते तेव्हा कपाटाच्या आरशात समोरचा रस्ता दिसायचा. दुकानांच्या पाट्या उलट्या, कोपऱ्यावर भाजीवाला. त्याची कोथिंबीर किती वाजता संपते हेसुद्धा मला पाठ झालं होतं. तो आरसा म्हणजे 'कला' नव्हता हो! मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

शॅलॉटच्या या बाईसारखी चित्रं विणणारे कारागीर उलट्या बाजूने विणतात आणि सुलटी बाजू कशी उतरतेय ते बघायला आरसा ठेवतात. म्हणजे ते तिचं रोजचं अवजार. त्यातच तिला बाजाराला निघालेल्या पोरींचे लाल झगे दिसतात, आणि एकदा चांदण्यात नवं लग्न झालेलं जोडपं. तेव्हा ती म्हणते, या सावल्यांना मी अर्धी विटलेय. अर्धी! हा शब्द आहे का कुठल्या नोट्समध्ये? माझ्या आरशातून एकदा वरात गेली. बँड डावीकडून ऐकू येत होता, घोडा उजवीकडून येत होता. मी उशीत तोंड खुपसलं.

मार्क अशाच उत्तरांना मिळतात, मान्य.

पण पुढे लिहिलंय, 'शाप मोडल्याची शिक्षा'. शिक्षा? कुणी दिली? शाप कसला, हे तिलाही ठाऊक नाही. पहाटे बार्ली कापणारे तिचं गाणं ऐकतात, पण तिला खिडकीत कुणी पाहिलेलं नाही. राखाडी भिंतींत डांबलेल्या बाईलाच वर दोषी ठरवायचं, वा!

खाली उतरल्यावर ती पहिलं काय करते? होडीवर स्वतःचं नाव लिहिते. 1832च्या पहिल्या रूपात तर शेवटी तिच्या छातीवर चिठ्ठी असते: भिऊ नका, ही मी आहे. 1842 साली टेनिसनने ती काढून टाकली. आता शेवटी तिच्या प्रेतापाशी लान्सलॉट येतो, चेहरा सुंदर आहे म्हणतो, देवाची कृपा मागतो. वाईट नाही बोलत बिचारा. पण ही कुणाला बघून खिडकीशी धावली, हे त्याला कधीच कळत नाही.

काठी टेकत मी पहिल्यांदा खाली उतरले तेव्हा भाजीवाल्याने हसून विचारलं, "ताई, नवीन राहायला आलात का इथे?"

चार महिने रोज पाहत होते मी त्याला. कोथिंबिरीची जुडी घेतली आणि त्याला माझं नाव सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं, तरी.