पिकअपमधला हेडक्लार्क

रात्री अडीच वाजता पिकअपचा हॉर्न वाजायला लागला. चोर असणार म्हणून मी काठी घेऊन धावलो. चोर कसला! दारं बंद, चावी माझ्या हातात आणि गाडी आपली एकटीच बोंबलतेय. वर वायपरही चालू, कोरड्या काचेवर घासत, कर्र कर्र. दोन-चार बटणं दाबून पाहिली. तिने एक काच खाली केली, बाकी काही ऐकलं नाही. शेवटी बॉनेट उघडून बॅटरीचं टर्मिनल उपटलं. एकदम शांत झालं सगळं. त्या शांततेत शेजारची खिडकी जरा जोरातच बंद झाली.

तिथून पुढे गाडीच्या अंगातच आलं. डावा इंडिकेटर दिला की वायपर चालू. दार लॉक केलं की आतला दिवा लागायचा. उजवी काच मनाला येईल तेव्हा खाली जायची, वर मात्र विनवण्या केल्यावरच यायची. माणूस कशालाही सरावतो. पाऊस आला की मी डावा इंडिकेटर देऊन सरळ जायचो. मागच्या गाड्यांनी मला काय काय म्हटलं असेल, ते हॉर्नच्या लांबीवरून कळायचं.

मेकॅनिकने स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. पडद्यावर कोडची रांग लागली. बरेचसे ‘यू’ने सुरू होणारे.

‘‘इंजिनाला काही झालं नाही ना?’’ मी विचारलं.

‘‘इंजिनाचे कोड ‘पी’ने सुरू होतात साहेब. ‘यू’ म्हणजे मॉड्यूलांचं, गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांचं, आपसात बोलणं तुटलंय. बॉडी कंट्रोल मॉड्यूल गेलंय तुमचं.’’

माझ्या गाडीत अशी कोणी व्यक्ती राहते हे मला तेव्हा कळलं.

माझी समजूत अशी की हॉर्नचं बटण दाबलं की वायरीतून वीज जाते आणि हॉर्न वाजतो. जुन्या गाड्यांत साधारण तसंच होतं. आता बटण दाबणं म्हणजे फक्त अर्ज करणं. अर्ज जातो डॅशबोर्डच्या पोटात बसलेल्या हेडक्लार्ककडे, म्हणजे या बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे. तो बघतो, मंजूर करतो, मग रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचला, हुकूम सुटतो. दिवे, वायपर, काचा, दारांची कुलपं, सगळ्या फायली त्याच्याच टेबलावरून जातात. इतर खात्यांशी तो एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींवरून बोलतो. ही ‘कॅन’ नावाची पद्धत बॉश कंपनीने 1986 मध्ये जगापुढे आणली. प्रत्येक निरोपाला वेगळी वायर ओढायला नको, हा त्यातला मोठा फायदा. वायरी वाचल्या खऱ्या, पण एका क्लार्कचं डोकं फिरलं की अख्खी कचेरी फिरते.

मेकॅनिक माणूस शिस्तीचा. बॅटरी सोडून त्याने सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांवर मीटर धरला. आकडा आला 60 ओहम. त्या पीळ दिलेल्या वायरींच्या दोन टोकांना 120-120 ओहमचे रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारे तुकडे, असतात. ते समांतर जोडलेले, म्हणून दोन्ही मिळून 60 भरतात. म्हणजे त्या दोन वायरी निर्दोष. संशयित एकच उरला.

‘‘काढायला सोपं आहे,’’ तो म्हणाला. त्या भरवशावर ते काम मी माझ्याकडे घेतलं. डोकं ब्रेकच्या पेडलखाली, पाठ दाराच्या उंबऱ्यावर आणि पाय सीटच्या पाठीवरून हवेत. हा अवतार मुलाने फोटो काढून नातेवाइकांना पाठवला. वर हाताने चाचपडत कनेक्टरची खिटी दाबायची आणि त्याच वेळी ओढायचं. दाबलं की ओढता येत नाही, ओढलं की दाबता येत नाही. तिसऱ्या कनेक्टरला खिटीच तुटली, आणि तो मात्र अलगद निघाला.

डबा बाहेर आला तो पुस्तकाएवढा. टनभर माल ओढणाऱ्या गाडीला यानं नाचवावं! पिनांवर हिरवट भुकटी, एका कोपऱ्यात पाण्याचा सुकलेला ओघळ. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं, मग पायाखालच्या मॅटकडे. ती मॅट दोन महिने ओली होती आणि मी दोन महिने बायकोच्या छत्रीला बोल लावत होतो. पुढच्या काचेच्या बुडाशी पाणी निघून जायची वाट असते. सावली चांगली म्हणून मी गाडी रोज झाडाखाली लावायचो. त्या वाटेतून मूठभर कुजलेली पानं निघाली. बायको तिथेच उभी होती. ती काही बोलली नाही, याचाच जास्त त्रास झाला.

काटकसर म्हणून आधी भंगारातल्या तशाच गाडीचा डबा आणून बसवला. पण हा क्लार्क अजून जुन्या मालकाशीच इमान राखून होता. त्याच्या पोटात त्याच गाडीचा नंबर, त्याच गाडीच्या चाव्या. माझी चावी फिरवली की कुलपाचं चित्र लुकलुकायचं आणि गाडी मख्ख.

मग नवा आणला. तो तर जन्मजात कोरा. लॅपटॉप जोडून त्याला गाडीचा 17 अक्षरी नंबर शिकवायचा. मी काचेजवळच्या पट्टीवरून वाचत होतो, ‘‘पाच, एक, ओ...’’

‘‘ओ नाही साहेब, शून्य. या नंबरात आय, ओ आणि क्यू वापरतच नाहीत.’’

माझ्यासारख्यांचा विचार कोणीतरी आधीच करून ठेवला होता तर.

प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरी उतरली तर नवा डबाही बाद होऊ शकतो, म्हणून बाहेरून वीज जोडलेली. ‘‘दार उघडू नका, कशाला हात लावू नका,’’ एवढं बजावून मला आत बसवलं. अशा वेळी शिंक येतेच. शिंक बटण दाबत नाही हे ठाऊक असूनही मी ती दाबली. मग चावीची ओळखपरेड. चावी चालूवर ठेवून 10 मिनिटं कुलपाच्या चित्राचा दिवा विझायची वाट पाहायची, बंद करायची, पुन्हा 10, पुन्हा 10. अर्धा तास मी स्वतःच्याच गाडीत उमेदवारासारखा बसून होतो. शेवटी दिवा विझला आणि इंजिन सुरू झालं.

आता डावा इंडिकेटर डावीकडेच लागतो. दोन दिवस पावसात माझा हात सवयीने तिकडेच गेला, ते सोडा. गाडी झाडापासून लांब उन्हात उभी असते. फक्त नव्या क्लार्कला एक खोड आहे. रिमोटने लॉक केलं की तो एकदा ‘पीं’ करून पोच देतो. ते बंद करायला पुन्हा लॅपटॉप जोडावा लागतो म्हणे. रात्री उशिरा घरी आलो की मी चावीनेच दार लावतो, खिडकीकडे बघत.